सोमवार ते शनिवार ख्रिस्ती: बँकेच्या काउंटरमागून काही सूचना

“गायकवाड ना तुम्ही? मग ख्रिश्चन कसे?”

नव्या नोकरीत हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच येतो, बहुतेक डबा खाताना. पाठोपाठ “मराठी किती छान बोलता हो” आणि “तुमच्यात वाइन चालते ना?” हेही येतं. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसतं. त्यानं ख्रिस्ती माणूस फक्त हिंदी सिनेमात पाहिलेला असतो, आणि तो गोव्याचा असतो, हातात बाटली असते. आमच्या नगरकडच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, दारूचं नुसतं नाव काढलं तरी म्हाताऱ्या बायका भुवया चढवतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागले आणि शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. निम्मी नोकरी नगर जिल्ह्यात, निम्मी पुण्यात. मंडळीतली पोरं नोकरीला लागली की भेटायला येतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा लिहूनच काढते.

आधी हा डब्यावरचा प्रश्न. उत्तर तयार ठेवा आणि दोन वाक्यांत संपवा. मी म्हणायचे, “हो, आम्ही ख्रिस्ती. नगरचे, पणजोबांपासून.” अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरात १८३१ साली सुरू झालं, रेव्हरंड टिळक चित्पावन होते, हे सगळं खरं असलं तरी पहिल्याच दिवशी इतिहासाचा तास घेऊ नका. कुणी खोचकपणे “दुष्काळात धान्यासाठी गेले असतील” म्हणालं तरी चिडू नका. दुष्काळात मिशनऱ्यांनी लोकांना खाऊ घातलं, अनाथ पोरं सांभाळली, हे खरंच आहे. त्यात खाऊ घालणाऱ्यानंही लाजू नये आणि खाणाऱ्यानंही. एवढं सांगायचं आणि भाजीचा डबा पुढे करायचा.

पण सांगायचं मात्र नक्की. नाव, आडनाव, बोली सगळं इतरांसारखंच असल्यामुळे आपल्यातल्या पुष्कळांना लपून राहता येतं. चार वर्षं लपलेल्या माणसाला पाचव्या वर्षी “मी हे करत नाही” म्हणणं फार जड जातं, कारण तेव्हा लोकांना तो तऱ्हेवाईकपणा वाटतो. काहींच्या बाबतीत जातीच्या दाखल्याचाही गुंता असतो. १९५० च्या आदेशाप्रमाणे, पुढच्या दुरुस्त्या धरून, अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. ज्याच्या घरात तो प्रश्न आहे त्याला मी माझ्या पेन्शनच्या खुर्चीत बसून उपदेश करणार नाही.

पूजा, प्रसाद, वर्गणी

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते यावर. दसऱ्याला बँक बंद, म्हणून शाखेत पूजा खंडेनवमीला किंवा आदल्या कामाच्या दिवशी होते. कॉम्प्युटर, नोटा मोजायचं मशीन, स्ट्राँगरूमचं दार, सगळ्यांना झेंडूचे हार. त्याखेरीज गणपती, सत्यनारायण, संक्रांतीचं हळदीकुंकू असतंच.

पहिली गोष्ट, त्या दिवशी मुद्दाम रजा टाकू नका. दोन वर्षांत सगळ्यांच्या लक्षात येतं आणि ते अपमानासारखं लागतं. मी जायचे, चपला बाहेर काढून मागे उभी राहायचे. आरती म्हणायची नाही, मूर्तीपुढे हात जोडायचे नाहीत, आणि मोबाइलही बघत बसायचा नाही. आधी सतरंज्या घालायला आणि नंतर कपबशा आवरायला मात्र पुढे. कुंकवाचा करंडा घेऊन कुणी समोर आली की मी तिचा हात हलकेच धरून म्हणायचे, “मी लावत नाही गं, पण तिळगूळ दोन घेणार.” हे हसून म्हणता आलं पाहिजे. आरशासमोर सराव करावा लागला तरी करा.

प्रसादावर आपल्यातच एकमत नाही. मी शिरा खाते. माझी मोठी बहीण हातात घेते आणि शेजारणीला देते. दोघी एकाच मंडळीत, एकाच बाकावर. बायबलमध्ये पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठवा आणि दहावा अध्याय याच विषयावर आहेत. बाजारात विकतात ते चौकशी न करता खा म्हणतो, आणि कुणी “हे नैवेद्याचं आहे” असं सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका, असंही म्हणतो. बहीण त्या दुसऱ्या वाक्यावर उभी आहे. मी रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायावर, खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष लावू नये, त्यावर. तुम्ही तुमचं ठरवा, पण घरी ठरवा. द्रोण हातात आल्यावर चेहरा पाडून ठरवू नका.

वर्गणीचं मी असं करायचे: जमा करणाऱ्याला बाजूला घेऊन सांगायचं, “माझे जेवणाच्या खर्चात धरा.” रक्कम इतरांपेक्षा कमी नाही. कुणाला यात पळवाट दिसेल, दिसू दे.

खरी कसोटी लागते ती तुम्ही साहेब झाल्यावर, कारण शाखाधिकाऱ्यानं पूजेला बसायचं असा रिवाज असतो. हे आदल्या दिवशी मोकळेपणानं मिटवा. माझ्या एका शाखेत दफ्तरी होते, निवृत्तीला आलेले, तिजोरीचं दार वर्षानुवर्षं तेच पुसायचे. त्यांना म्हटलं, “मामा, पूजेला या वर्षी तुम्ही बसा. नारळ, पेढे, फुलं माझ्याकडे लागली.” दुसऱ्या दिवशी मामा कडक इस्त्रीचं धोतर नेसून, बायकोला घेऊन हजर. साहेबांनी पूजा केली नाही याची चर्चा झालीच नाही, मामांच्या फोटोचीच झाली.

यावर पाळकांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, वाद घालायची वेळ आली तर बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला सेनापती नामान आठवा. कोड बरं झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला विचारतो की माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा होईल ना? अलीशा त्याला व्याख्यान देत नाही. शांतीने जा, एवढंच म्हणतो.

टेबलावरचं काम

ख्रिस्ती मुलं पूजेच्या प्रश्नावर रात्र रात्र जागतात आणि टार्गेटच्या प्रश्नावर गाढ झोपतात, याचं मला कायम नवल वाटत आलंय. माझ्या मते तुमचा विश्वास शाखेत दिसतो तो इथे.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि विचारू लागले, आम्ही काय करावं? नोकरी सोडा असं तो म्हणाला नाही. नेमून दिलंय त्याच्यापेक्षा जास्त घेऊ नका, म्हणाला. लूकच्या तिसऱ्या अध्यायात आहे. बँकवाल्यांसाठी याहून नेमकं वचन मला तरी सापडलेलं नाही.

आता ते रोजच्या कामात कसं उतरतं ते बघा. मार्च महिना, झोनल ऑफिसचा सकाळी फोन, आज विम्याचा लॉगिन डे, म्हणजे विम्याचे जास्तीत जास्त अर्ज भरायचा दिवस. साडेअकराला एक आजी येतात, मुदत ठेव मोडून पुन्हा ठेवायची आहे, पाच लाख. पदर डोक्यावर, पिशवीत पासबुक प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं. शेजारचा सहकारी डोळ्यांनी खुणावतो. आजींना “जास्त व्याजाची एफडी” म्हणून दरवर्षी हप्ता भरायची पॉलिसी देणं पाच मिनिटांचं काम आहे. सही दाखवाल तिथे करतील. टार्गेट पूर्ण, संध्याकाळी ग्रुपवर टाळ्या.

इथे काय करायचं? मी विमा विकला नाही असं नाही, तो नोकरीचाच भाग होता. नियम एवढाच ठेवला की समोरच्याला समजलंय हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय अर्ज पुढे सरकवायचा नाही. “आजी, दरवर्षी एवढे भरायचे, किती वर्षं, सांगा बघू मला.” त्यांना सांगता आलं नाही तर ठेवच करायची. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, हे ग्राहकाला स्वतःहून सांगायचं. कर्ज हवं तर आमच्याकडचाच विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही, हेही. ज्यांना खरंच गरज आहे, म्हणजे घरकर्ज घेतलेला एकटा कमावता माणूस, लहान पोरं असलेला रिक्षावाला, त्यांच्याकडे मात्र आपण होऊन जायचं, नीट समजावायचं. माझे आकडे कधी पहिल्या पानावर आले नाहीत, पण अगदी तळालाही नव्हते.

वरिष्ठांना नाही म्हणताना पर्याय हातात ठेवा. “मी हे करणार नाही, माझा धर्म आड येतो” हे वाक्य ऑफिसात वापरू नका. त्यातून तुम्ही सोवळे आणि बाकीचे पापी असं होतं. शिवाय आजींना फसवू नये हे कळायला ख्रिस्ती असावं लागत नाही. माझ्या शाखेतला सगळ्यात सचोटीचा कॅशियर पक्का वारकरी होता. “सर, या केसमध्ये तक्रार येईल, मी त्याऐवजी या तीन घरकर्जवाल्यांना फोन करते” असं म्हणा. पासवर्ड मागितला तरी तेच. एकानं नोंद टाकायची आणि दुसऱ्यानं तपासून पास करायची ही पद्धत एका माणसानं दोन्ही करू नये म्हणूनच आहे. पासवर्ड न देणं म्हणजे मित्राला मदत न करणं नव्हे. मागची तारीख टाकून सही, न केलेल्या प्रवासाचं बिल, उशिरा येऊन मस्टरवर वेळेची सही, या सगळ्यांना एकदा नाही म्हटलं की लोक परत विचारत नाहीत. एकदा हो म्हटलं की रोज विचारतात.

याची किंमत पडते का? पडते. मूल्यांकनात गुण कमी येतात, बदली आडगावी होते, बढतीच्या यादीत नाव पुढच्या वर्षावर जातं. “प्रामाणिक राहिलो म्हणून देवानं प्रमोशन दिलं” अशा साक्षी मंडळीत ऐकू येतात, तसं झालं तर आनंदच आहे. पण तो हिशेब मनात धरून प्रामाणिक राहू नका. दानीएलच्या कामात त्याच्या शत्रूंना एकही चूक सापडली नाही आणि तरी, खरं तर त्यामुळेच, त्याची रवानगी सिंहांच्या गुहेत झाली.

आणि कामात चूक सापडू नये हा भाग विसरू नका. दुपारच्या प्रार्थनेला गेलेला माणूस पावणेतीनला परत येतो, काउंटरपुढे रांग, आणि त्याची रक्कम जुळणी तीन दिवसांची बाकी. अशा माणसाच्या टेबलावर वचनाचं कॅलेंडर नसलेलं बरं. मंडळीच्या नाताळच्या पत्रिका शाखेच्या प्रिंटरवर छापणंही बंद करा. कागद बँकेचा आहे.

प्रार्थना कुठे, केव्हा

कमी बोलते. नहेम्या राजापुढे उभा होता, राजानं विचारलं तुला काय हवंय, आणि उत्तर द्यायच्या आधी त्यानं स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, असं लिहिलंय. त्याला किती सेकंद मिळाले असतील! बँकेत तेवढेच मिळतात. बाकी मोठी प्रार्थना मी पार्किंगमध्ये हेल्मेट काढायच्या आधी करायचे, कुणाला कळत नाही.

सहकाऱ्याच्या घरी दुखणं असलं तर विचारा, “तुमच्या आईसाठी मी प्रार्थना केली तर चालेल का?” नाही म्हटलेलं मला तरी आठवत नाही. पण ती घरी जाऊन करा. ऑफिसात डोक्यावर हात ठेवू नका, बरं होण्याची हमी देऊ नका, आणि आठवड्यानं “आई कशा आहेत?” हे विचारायला विसरू नका. हॉस्पिटलात डबा नेऊन दिलात तर फारच छान. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकणं मात्र नको. इतर लोक गणपतीचे फोटो टाकतात हे कारण पुरेसं नाही.

रजा आणि सण

महाराष्ट्रात बँकांना नाताळ आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या सुट्ट्या आहेत, ईस्टर रविवारीच येतो. तरी अडचण असते ती वर्षअखेरीची. २०२४ साली ईस्टर नेमका ३१ मार्चला आला आणि सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांना रिझर्व्ह बँकेनं तो रविवार सुरू ठेवायला सांगितला. पुष्कळांनी पहाटेची उपासना करून, नवी साडी बदलून शाखा गाठली. २०२७ मध्ये उत्तम शुक्रवार २६ मार्चला आणि ईस्टर २८ ला आहे, म्हणजे पुन्हा क्लोजिंगच्या तोंडावर. कॅलेंडर जानेवारीतच बघा आणि तेव्हाच साहेबांशी बोला. झावळ्यांच्या रविवारनंतर, म्हणजे ईस्टरला आठवडा उरल्यावर, अर्ज घेऊन जाल तर ते चिडणारच.

सौदा दोन्ही बाजूंनी करा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, गौरी जेवतात त्या दिवशी, तुम्ही थांबा. आपण होऊन सांगा, यादी लागायची वाट बघू नका. मग उत्तम शुक्रवारी बारा ते तीन क्रुसावरील सात उद्गारांची उपासना चालू असताना तुमचा फोन वाजणार नाही. खासगी कंपन्यांत हा शुक्रवार कधी ऐच्छिक सुट्टीत असतो, कधी नसतोच. तिथे रुजू होतानाच विचारून घ्या.

त्या दिवशी कुणी ना कुणी “हॅपी गुड फ्रायडे” असा मेसेज पाठवणार. “धन्यवाद” लिहा. प्रभूच्या मरणाचा दिवस हॅपी कसा, हे सुनवायला तो दिवस नव्हे.

नाताळचा फराळ ऑफिसात न्या. करंज्या, चिवडा, शंकरपाळ्या बघून लोकांना आधी आश्चर्य वाटतं, मग डबा रिकामा होतो. थोडं भान ठेवा. केकमध्ये अंडं असेल तर तसं सांगून वेगळा ठेवा, नाहीतर जैन आणि माळकरी सहकारी संकोचानं काहीच घेत नाहीत. डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार येतात, शाखेतल्या निम्म्या बायकांचा उपास असतो. गुरुवारी न्यायचंच असेल तर फळं न्या.

कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही

माझा यावर एक नियम होता आणि तो मी कधी मोडला नाही. ज्याचं काम माझ्या टेबलावर अडकलंय त्याला मी येशूविषयी सांगितलं नाही. कर्जाची फाइल माझ्या ड्रॉवरमध्ये असलेला शेतकरी मी काहीही बोलले तरी मान डोलावणार, पत्रिका दिली तर खिशात ठेवणार. त्याच्या डोलावण्याला काही अर्थ नाही, आणि बाहेर जाऊन तो जे सांगेल त्याला मात्र फार अर्थ आहे. हाताखालच्या माणसाचंही तेच, त्याचं मूल्यांकन मी लिहिणार असते. कुणाला यात भित्रेपणा वाटेल. आमच्या एका पाळकांनाही वाटला होता, “संधी दवडता तुम्ही” म्हणाले. मी त्यांना म्हटलं, ती संधी बँकेनं मला दिलेल्या खुर्चीची आहे, माझी नाही.

बरोबरीचा सहकारी, ऑफिस सुटल्यावर, चहाच्या टपरीवर, त्यानं विचारलं तर भरभरून बोला. पेत्राच्या पहिल्या पत्रातला तिसरा अध्याय, पंधरावं वचन. विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. लोक विचारतात. लगेच विचारत नाहीत, बहुधा त्यांच्या घरी काही घडल्यावर विचारतात. “मॅडम, तुम्ही त्या वेळी कशा काय शांत राहिलात?” अशी सुरुवात होते.

याच नियमाची दुसरी बाजू मला जास्त जड गेली, ती म्हणजे आपली माणसं. “पाळकसाहेबांनी पाठवलंय” म्हणत मंडळीतला माणूस थेट केबिनमध्ये येतो. कागद अपुरे, जामीनदार नाही, पण “आपला माणूस बँकेत आहे” या भरवशावर घरी शब्द देऊन आलेला. त्याला पाणी द्या, खुर्ची द्या, कोणता कागद कुठे मिळेल ते कागदावर लिहून द्या, आणि रांगेत त्याच्या आधी आलेल्या माणसाचं काम आधी करा. दोन रविवार तो बोलणार नाही. त्याची बायको महिला मंडळात तिसऱ्या माणसाला ऐकवेल. चालायचंच. समोरच्या बाकावर बसलेला मुसलमान फळविक्रेता आणि चुलत्याबरोबर आलेली कॉलेजची पोरगी, दोघंही बघत असतात तुम्ही कुणाला आधी आत घेता ते.

शेवटचं एक. नोकरी लागावी म्हणून अख्खी मंडळी प्रार्थना करते, लागल्यावर कुणी विचारत नाही. हे तुम्हीच बदला. घरगुती सभेत प्रार्थनाविनंती विचारतात तेव्हा “सर्व ठीक” म्हणू नका. “या महिन्यात साहेब एका कागदावर सही मागताहेत, मला नाही म्हणायचंय” असं सांगा. फक्त खातेदाराचं नाव, गाव, रक्कम यातलं काही तोंडून जाऊ देऊ नका. सभेत मंगळवारी सांगितलेली विनंती बुधवारच्या बाजारात पोचलेली असते.